ताप उतरला ना? मग या उद्यापासून

गेल्या वर्षीची गोष्ट. सहामाही तोंडावर आली होती. आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाई तीन दिवस तापानं घरी होत्या. चौथ्या दिवशी सकाळी मी फोन लावला.

"कसं वाटतंय आता?"

"ताप उतरलाय मॅडम. पण अंगात त्राणच नाही."

मी म्हणाले, "ताप उतरला ना? मग या उद्यापासून. नुसत्या बसून राहा, पण या. सुपरव्हिजनला माणूस नाही."

त्या आल्या. दुसऱ्या तासाला स्टाफरूमच्या दारात भिंतीला धरून खाली बसल्या, त्या उठेचनात. हात हातात घेतला तर गार पडलेला. नवरात्राचे उपवास नुकतेच झाले होते. पोट दुखत होतं, तर ते पित्तानंच असणार, असं त्या आदल्या दिवसापासून धरून चालल्या होत्या. रिक्षानं तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून जिल्ह्याच्या गावी. डेंग्यू निघाला.

तिथल्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी आजवर विसरलेले नाही. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे आजार गेला असं नसतं. खरा धोका बहुतेक वेळा त्यानंतरच्या 24 ते 48 तासांत असतो. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बाहेर जातं आणि रक्तदाब खाली येतो. पोटात जोरात दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, यातलं एक जरी दिसलं तरी घरी थांबायचं नाही. आणि मी नेमकं त्याच तासांत त्यांना शाळेत बोलावलं होतं.

त्या पाच दिवसांनी घरी आल्या. आज ठणठणीत आहेत, आठवीला शिकवतायत. मला त्यांनी एका शब्दानं दोष दिला नाही. त्यांनी माफ केलं म्हणून माझ्याकडून झालेलं पुसलं जात नाही, म्हणून हे लिहितेय.

मी पर्यवेक्षिका आहे. माणदेशातल्या एका अनुदानित शाळेत बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट डोळ्यांसमोर होती, पण ती कधी नीट पाहिली नाही. शाळेतली माणसं सगळ्यांत जास्त आजारी पडतात ती गणपतीपासून दिवाळीपर्यंत, आणि सगळ्यांत कमी रजा मागतात तीही याच दिवसांत.

जुन्या वैद्यांनी "वैद्यानां शारदी माता" म्हणून ठेवलंय. शरद ऋतू वैद्यांची आई, कारण आश्विन-कार्तिकात रोगी इतके की वैद्याचं घर चालतं. पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदाच्या उन्हानं उसळतं, असं आयुर्वेद सांगतो. आपल्याकडे त्याला ऑक्टोबर हीट म्हणतात. पाऊस गेलेला असतो, आभाळ निरभ्र, ऊन थेट, आणि जमिनीत ओल असल्यामुळे हवा दमट. आमच्या तीन वर्गांवर पत्रा आहे. दुपारी दोनच्या तासाला तिथं उभं राहून शिकवणं म्हणजे काय, ते शिकवणाऱ्यालाच माहीत.

डासांचं गणितही याच दिवसांतलं. आमच्या गावात नळाला चार दिवसांनी पाणी येतं, म्हणून घरोघरी आणि शाळेतही बॅरल भरून ठेवलेले. डेंग्यूचा एडिस डास गटारात नाही, अशा स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो, आणि चावतो दिवसा. म्हणजे नेमका शाळेच्या वेळेत.

आता यावर शाळेचं वेळापत्रक ठेवून बघा. सहामाही, पेपर तपासणी, निकालपत्रकं, प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी, यू-डायस या सरकारी पोर्टलवर भरायची शाळेची माहिती, सगळं दिवाळीच्या सुट्टीआधी पुरं करायचं. बाई असेल तर घरी घटस्थापना, मग दिवाळीची साफसफाई आणि फराळ. आणि निवडणुका! विधानसभेचं मतदान 2009 ला 13 ऑक्टोबरला होतं आणि लक्ष्मीपूजन 17 ला. 2014 ला 15 ऑक्टोबर, 2019 ला 21 ऑक्टोबर, 2024 ला 20 नोव्हेंबर. चारही वेळा याच ऋतूत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं शिक्षकांना देता येतात, त्यामुळे ड्यूटी येणारच, आणि ती करायला आमची ना नाही. लोकशाहीचं काम आहे ते. पण मतदान केंद्रावर आदल्या रात्री सतरंजीवर झोपलेल्या, पहाटे साडेचारला उठून अंघोळीला आडोसा शोधणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी कुणी विचारत नाही की तुला बरं आहे का.

गेल्या वर्षी त्यात आणखी एक भर पडली. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास होणं बंधनकारक झालं. निकाल बरोबर की चूक, यावर मी इथे बोलत नाही. मी पाहिलं ते एवढंच की सत्तेचाळीस वर्षांच्या आमच्या मराठीच्या बाई रात्री अकरानंतर बालमानसशास्त्राच्या नोट्स काढत होत्या, आणि नोव्हेंबरातल्या परीक्षेच्या धास्तीनं त्यांची झोप उडाली होती. डास चावायचा तो कुणालाही चावतो. पण महिनाभर नीट न झोपलेल्या आणि नऊ दिवस उपवास केलेल्या शरीराला तो कसा झेपणार?

आता पाण्याबद्दल, आणि हे मला सगळ्यांत जास्त सांगायचंय.

आमच्या शाळेतल्या बायका पाणी पीत नव्हत्या. बाटली आणायच्या, टेबलावर ठेवायच्या, संध्याकाळी तशीच परत न्यायच्या. कारण सगळ्यांना माहीत होतं आणि बोलत कुणीच नव्हतं. शिक्षिकांसाठी म्हणून जे स्वच्छतागृह होतं त्याची कडी तुटलेली, आत नळ नाही, दिवा नाही, आणि वाट मैदानावरून, मुलांच्या समोरून. मग कोण जाईल? सकाळी दहाला घरून निघायचं ते साडेपाचला घरी पोचेपर्यंत दाबून धरायचं. ऑक्टोबरच्या उकाड्यात, घामाघूम होऊन, पाणी न पिता सहा तास शिकवायचं. लघवीला जळजळ, पुन्हा पुन्हा इन्फेक्शन, एकीला तर मूतखडा. प्रत्येकीला वाटायचं, हे माझंच दुखणं आहे. स्टाफरूममध्ये एकदा दार लावून बसलो आणि बोललो, तेव्हा कळलं की अकरापैकी नऊजणींचं हेच आहे. बावीस वर्षं मीही त्यातली एक होते.

आवाजाचंही तसंच. साठ मुलांचा वर्ग, वर खडखडणारा पंखा, शेजारच्या वर्गाचा गलका, आणि जूनपासून रोज सहा तास बोलणं. दसऱ्यापर्यंत निम्म्या शिक्षकांचा घसा बसलेला असतो. आपण काय करतो? हळद-दूध घेतो, आणि वर्गात कुजबुजत्या आवाजात बोलतो. कुजबुजण्यानंही स्वरतंतूंवर ताण पडतो, हे मला कानाच्या डॉक्टरांकडे गेल्यावर समजलं. घसा तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर दाखवूनच घ्या, गाठी असू शकतात. हजार-बाराशे रुपयांत कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि माइक मिळतो. आमचे गणिताचे सर तो लावून शिकवतात. आधी मुलं हसली, आता कुणाच्या लक्षातही येत नाही.

पण "शाळेतले कर्मचारी" म्हटलं की आपण शिक्षकांवरच थांबतो. मीही इथवर तेच केलं.

आमचे जुने शिपाईमामा निवृत्त झाले आणि त्यांची जागा परत भरली गेली नाही. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयानं अनुदानित शाळांत शिपायाच्या पदाऐवजी शिपाई भत्ता आला, ग्रामीण भागात महिन्याला 5000 रुपये. आता त्या भत्त्यावर एक तरुण मुलगा येतो. शाळा उघडणं, झाडलोट, टाकी धुणं, स्वच्छतागृहं साफ करणं, घंटा देणं, सगळं तोच. त्याला ताप आला तर त्याला रजा नाही, खाडा असतो.

आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशी. केंद्रानं 2009 मध्ये त्यांचं मानधन महिना 1000 रुपये ठरवलं, तेही वर्षातले दहाच महिने. राज्यानं स्वतःची भर घातली, पण केंद्राचा आकडा तिथंच उभा आहे. पत्र्याच्या किचन शेडमध्ये, ऑक्टोबरच्या दुपारी, दीडशे मुलांच्या भाताच्या पातेल्याशेजारी त्या उभ्या असतात. त्यांची आरोग्य तपासणी करायची असा नियम आहे. तो आहे मुलांना काही बाधू नये म्हणून, आणि ते बरोबरच आहे. पण त्यांचे गुडघे, धुरानं चुरचुरणारे डोळे, त्यांचं हिमोग्लोबिन, हे त्यांच्यासाठी म्हणून कुणी तपासलेलं मी पाहिलं नव्हतं.

मराठीच्या बाई दवाखान्यातून आल्यावर मी मुख्याध्यापक सरांसमोर बसले. सर, आपल्याला एक गोष्ट ठरवावी लागेल. ताप गेल्यावर पूर्ण दोन दिवस कुणीही शाळेत यायचं नाही, परीक्षा असो नाहीतर तपासणी. सर म्हणाले, मग वर्ग कोण सांभाळणार? प्रश्न खरा होता. शाळेत रजा अडते ती नियमामुळे कमी आणि बदली तासामुळे जास्त. आपण घरी राहिलो की आपले तास दुसऱ्याच्या ऑफ तासावर पडतात, आणि मग परत आल्यावर तोंड कसं दाखवायचं, या संकोचानं माणूस तापात येतो. म्हणून सत्र सुरू होतानाच बदली तासांची यादी करायची ठरवली, सगळ्यांना समान, पाळीपाळीनं, पर्यवेक्षिका आणि मुख्याध्यापकांसकट. आता आजारी माणसानं कुणाची विनवणी करायची गरज नाही. यादीत ज्याचं नाव आहे तो जातो.

स्वच्छतागृहासाठी माजी विद्यार्थ्यांकडे गेलो. मला वाटलं होतं, या विषयावर पैसे मागायला संकोच वाटेल. वाटलाही. पण दहावीच्या एका जुन्या बॅचमधल्या मुली, आता त्याही कुठे कुठे नोकरी करतात, त्यांनी विषय ऐकला आणि पुढचं एक वाक्यही बोलू दिलं नाही. पंधरा दिवसांत कडी, नळ, दिवा, झाकणाची कचरापेटी, आणि मैदानाच्या बाजूनं आडभिंत. पाण्याची घंटाही सुरू केली. केरळनं 2019 मध्ये शाळांतून मुलांसाठी पाणी प्यायची घंटा सुरू केली होती, ती कल्पना उचलली. फरक एवढाच की आमच्याकडे ती घंटा वाजली की शिकवणारेही थांबून पाणी पितात. मुलं लक्ष ठेवतात. "बाई, तुम्ही नाही प्यायलात!"

शनिवारी कोरडा दिवस, म्हणजे साठवलेलं पाणी ओतून बॅरल रिकामे करायचे. बॅरल नुसते ओतून चालत नाहीत, आतून घासावे लागतात, कारण एडिसची अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. विज्ञानाच्या सरांनी हे आठवीच्या मुलांना प्रयोग म्हणून दिलंय.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांना तपासायला आलं, तेव्हा मी डॉक्टरांना विनंती केली, मुलांचं आटोपल्यावर दहा-पंधरा मिनिटं आमच्यासाठी द्याल का? ते त्यांचं काम नव्हतं, तरी त्यांनी दिली. आमच्या लिपिक दादांचा रक्तदाब 160 च्या वर निघाला. त्यांना काहीच त्रास होत नव्हता. रक्तदाबाचं तेच वाईट, तो सांगून येत नाही. आता गोळी सुरू आहे.

मनाचं दुखणंही लिहिते, कारण त्याबद्दल शाळेत सगळ्यांत कमी बोललं जातं. टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, 14416. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, फोन फुकट, आणि मराठीत बोलता येतं. स्टाफरूमच्या फळ्यावर तो नंबर मी खडूनं लिहून ठेवलाय. कुणी फोन केला की नाही, हे मी विचारत नाही.

जे आम्हाला जमलेलं नाही, तेही सांगते. शिपायाचं काम करणाऱ्या मुलाचा खाडा अजून भरून निघत नाही. आम्ही आपसात वर्गणी काढून त्याच्या आजारपणाचे दिवस भरतो, पण वर्गणी हा काही हक्क नाही. वैद्यकीय प्रतिपूर्तीची बिलं महिनोन् महिने टेबलाटेबलांवर फिरतात. मराठीच्या बाईंचं बिल अजून आलेलं नाही. या गोष्टी एका शाळेच्या हातातल्या नाहीत. संघटनांनी, लोकप्रतिनिधींनी, शिक्षण खात्यानं त्या हातात घ्यायला हव्यात, आणि मी त्या मागत राहणार.

जे कुणी शाळेत मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, संस्थाचालक असाल, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. या दिवसांत कुणी तापाचा फोन केला तर "कधी येताय?" हा प्रश्न तोंडावर आला तरी गिळा. रक्त तपासलं का, घरी कोण आहे, पाणी जातंय का पोटात, एवढं विचारा. ताप असताना मनानं ब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या घेऊ नका म्हणून सांगा, डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सोमवारपासून यंदाची सहामाही. काल संध्याकाळी खिचडीच्या मावशींचा निरोप आला, अंग तापलंय. बदली यादीत त्यांच्यासाठी बचत गटातल्या दोघींची नावं आहेत, त्यातल्या एक उद्या येतायत. मी मावशींना फोन केला. त्या आधीच बोलून मोकळ्या झाल्या, "बाई, गोळी घेतलीय, सकाळपर्यंत उतरंल, मी येते."

म्हटलं, "मावशी, ताप उतरला तरी यायचं नाही. उतरल्यावर दोन दिवस घरीच. तुमचे पैसे कापले जाणार नाहीत. उद्या सकाळी मीच येते तुमच्याकडे, रक्त तपासायला जाऊ."

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरं. मग तांदळाच्या डब्याची किल्ली न्या येताना."