पिवळा क्रेप संपलाय

माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, तालुक्याच्या गावी, दोन शाळांच्या मधल्या रस्त्यावर. त्यामुळे पालकांचा 'सहभाग' म्हणजे नक्की काय असतो ते मला गल्ल्यावर बसून चांगलं दिसतं. रात्री साडेनऊला शटर ओढायला घ्यावं की कुणीतरी स्कूटीवरनं येतंच, "दादा थांबा थांबा, उद्या ट्रान्सपोर्ट डे आहे, विमान मिळेल का?" विमान म्हणजे विमानाचा कलर प्रिंट. मग त्याला कार्डशीट, मग ग्लिटर शीट, मग ग्लू गनच्या काड्या, आणि जाता जाता "ते हलणारे डोळे असतात ना चिकटवायचे, ते पण द्या." विमानाला डोळे कशाला, पण मी विचारत नाही, मी विकतो.

आता गंमत अशी की येणाऱ्या दहातल्या नऊ बायका असतात. आई, मावशी, कधी आजी. बाप आलाच तर मोबाईल पुढे धरतो, "हे मेसेजमधलं सगळं द्या", आणि पिशवी घेऊन जातो, घरी गेल्यावर करणार कोण ते तुम्हाला माहितीये. आणि ज्याचं विमान आहे तो चार वर्षांचा प्राणी तेव्हा झोपलेला असतो.

मी हे लांबून बघत होतो तोवर ठीक होतं. माझी पोरगी ज्युनियर केजीत गेली आणि मी पण त्यात पडलो. बायको नर्स आहे, शिफ्ट ड्युटी, महिन्यातले बरेच दिवस नाईट. म्हणून सोडणं, आणणं, डबा, मीटिंग सगळं माझ्याकडे. पहिल्या पालकसभेला गेलो तर मॅडम म्हणाल्या, "मम्मी नाही आल्या का?" मी म्हणलं मी आलोय ना. तर हसून म्हणाल्या, "हो, पण मम्मींना जरा सांगायचं होतं." काय सांगायचं होतं? तर मुलगी पेन्सिल नीट धरत नाही आणि १ ते ५० लिहिताना २३ नंतर अडकते. एवढंच. हे मला सांगितलं असतं तर मला कळलं नसतं का? व्हॉट्सअॅप ग्रुपचं विचारलं तर म्हणाल्या, तो मम्मींचाच आहे, जेन्ट्स असले की बाकीच्यांना ऑकवर्ड होतं. आता यात त्यांचं पण पूर्ण चुकतंय असं म्हणवत नाही, एखादा बाप रात्री एकला काय फॉरवर्ड करेल सांगता येत नाही. पण ग्रुप माझ्या घराचा आणि मीच बाहेर, हे काही पटत नाही.

बरं हे फक्त प्रायव्हेट शाळांचं आहे असं पण नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत माता-पालक संघ वेगळा असायचा, आता माता गट आहेत. बायकोचं माहेर पाटण तालुक्यात, तिथे मेहुण्याच्या मुलाच्या वेळी मी तो 'पहिले पाऊल'चा, म्हणजे पहिलीत जाणाऱ्या पोरांसाठीच्या सरकारी कार्यक्रमाचा, शाळापूर्व तयारी मेळावा बघितला. २०२२ ला सुरू झालं ते. व्हरांड्यात सात टेबलं मांडलेली, एकावर नोंदणी, पुढे शारीरिक विकास, बौद्धिक, भावनिक, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन. पोरं रेषेवरून चालतायत, चेंडू टाकतायत, चित्र बघून काय वाट्टेल ते सांगतायत. आणि आयांना घरी जाऊन काय करायचं त्याची कार्डं. कांदे-बटाटे वेगळे करा, घरातल्या चमच्या-वाट्या मोजा, गोष्ट सांगा असलं. खर्च शून्य. मला प्रकार फार आवडला खरं सांगतो, माझ्या धंद्याच्या विरोधात असून आवडला. फक्त मेहुणा गेटच्या बाहेर गाडीवर बसून होता आणि त्याला कुणी आत पण बोलावलं नाही.

लोक म्हणतील अंगणवाडीत काय असतं, खिचडी आणि लसी. अहो अंगणवाडी शब्दाच्या मागेच सगळी गोष्ट आहे. बालशिक्षणातल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला डहाणूकडच्या बोर्डीत काम सुरू केलं तेव्हा वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात. तर ताई म्हणाल्या नाहीत की पालक सहकार्य करत नाहीत. बालवाडीच उचलून वस्तीत नेली, अंगणात, म्हणून अंगणवाडी. पुढे कोसबाडला आदिवासी पोरं गुरं राखायला जायची तर कुरणात शाळा भरवली, कुरणशाळाच नाव तिचं. म्हणजे घरात जे चाललंय तिथे शाळा गेली. आणि आपल्याकडे आता शाळा घरी येते ती फक्त फोम शीटच्या रूपात.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय, त्यात खेळातून शिकवायचं असं स्वच्छ लिहिलंय. पण ज्युनियर केजीच्या वहीत बघा, कर्सिव्हची पानंच्या पानं. मी त्या वह्या विकतो, मला माहितीये किती जातात.

माझी पोरगी दुपारी दुकानात असते. तिला मुद्दाम काही शिकवायला मला वेळ नाही, गिऱ्हाईक असतं. ती काय करते, तर टेस्टिंगला उघडलेल्या स्केचपेनांची टोपणं जुळवत बसते. निळ्याला फिक्कं निळं टोपण बसवलं की स्वतःच म्हणते "नाय, हे त्याच्या भावाचंय." लीगल पेपर आणि ए-फोर हातात घेऊन ओळखते, "हा लांबडा." एकदा एक कॉलेजचा मुलगा आधार कार्ड घेऊन आला तर मी तोंड उघडायच्या आत ही म्हणते, "पाठपोट काढायचंय का?" तो बघतच राहिला. आणि संध्याकाळी गल्ल्यातल्या नाण्यांचे ढीग लावते, एकची, दोनची, पाचची, दहाची, आणि दहा-दहाची चळत झाली की मला हाक मारते. हीच मुलगी शाळेत २३ नंतर अडकते. कारण तिथे २४ म्हणजे फक्त चौकोनात काढायचं चित्र आहे, इथे २४ म्हणजे दोन चळती आणि वर चार.

हे मी मॅडमना सांगितलं. म्हणाल्या छान आहे, पण आपल्याला पोर्शन असतो.

आणि मी स्वतः काही शहाणा नाही. मागे 'टाकाऊतून टिकाऊ' होतं तेव्हा मीच रात्री बारापर्यंत बसून आइस्क्रीमच्या काड्यांचं घर केलं होतं. आता टाकाऊतून टिकाऊ, आणि काड्यांचं पाकीट कोरं करकरीत, दुकानातनं काढलेलं! पोरीनं सकाळी दाराला हात लावला तर मी ओरडलो, मोडशील म्हणून. तिनं हात मागे घेतला आणि बॅग उचलून गप उभी राहिली. तिला त्या घरात टोपणं ठेवायची होती, हे नंतर रिक्षात बसल्यावर कळलं. त्या घराला शाळेत स्टार मिळाला. घर अजून शाळेच्या कपाटावर आहे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं.

तेव्हापासून मी ठरवलंय, जे काही न्यायचं ते तिनंच करायचं, मी फक्त कात्री धरणार. मागच्या महिन्यात फ्रूट डेला तिनं आंबा केला, जांभळा. मॅडमनी विचारलं मँगो पर्पल का, तर म्हणाली पिवळा पेन वाळलाय. ग्रुपवर सगळ्यांचे फोटो आले त्यात आमचा आंबा नव्हता असं बायको म्हणाली.

ग्रुपवर मी अजून नाहीच. काही आलं की बायको नाईट ड्युटीवरनं मला स्क्रीनशॉट टाकते, पेशंटमधून वेळ मिळेल तसा. काल रात्री सव्वाअकराला आला. उद्या यलो डे, काहीतरी पिवळं बनवून आणणे. उठून दुकान उघडलं, तर पिवळा क्रेप संपलाय, पिवळं कार्डशीट पण संपलंय. संध्याकाळपासून सगळा मीच विकलाय.