हा कुठे आपला इतिहास?

फिलाडेल्फियाच्या सरकारी हायस्कूलमधून पास व्हायचं तर आफ्रिकन अमेरिकन इतिहास हा विषय घ्यावाच लागतो. इथल्या मराठी पालकांत त्यावर बोलणं निघालं की दोन वाक्यं ठरलेली. ‘हा कुठे आपला इतिहास?’ आणि ‘झालं ते झालं, आता उकरून काय मिळणार?’ दुसरं वाक्य मी पुण्यातही भरपूर ऐकलंय. तिथे ते जातीबद्दल असायचं.

ही सक्ती 2005 सालची. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत अशी अट पहिल्यांदा इथेच आली. मागणी मात्र 1967 ची. त्या नोव्हेंबरात साडेतीन हजारांच्या आसपास मुलं वर्ग सोडून शिक्षण मंडळाच्या कचेरीवर मोर्चा घेऊन गेली. आमचा इतिहास शिकवा, ही त्यांची एक मागणी. पोलिसांनी त्यांना झोडपून काढलं. तेव्हाचे पोलीस आयुक्त फ्रँक रिझो पुढे शहराचे महापौर झाले. मुलांच्या मागणीची सक्ती व्हायला 38 वर्षं गेली. तेव्हा ‘वरून लादलेला विषय’ ही तक्रार निदान या शहरात तरी करू नये.

आणि यात शिकण्यासारखं काय आहे म्हणाल, तर जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घराचंच घ्या. राष्ट्राध्यक्ष म्हणून ते फिलाडेल्फियात राहत, तेव्हा त्या घरात नऊ गुलाम होते. पेनसिल्व्हेनियाच्या 1780 च्या कायद्यानुसार बाहेरून आणलेला गुलाम इथे सलग सहा महिने राहिला की मुक्ततेचा हक्कदार व्हायचा. म्हणून मुदत भरण्याआधीच त्यांना राज्याच्या हद्दीबाहेर फिरवून आणलं जायचं. ओना जज नावाची तरुणी मे 1796 मध्ये याच घरातून निसटली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोचली. वॉशिंग्टननी तिला परत आणायचे प्रयत्न केले, ती गेली नाही. 1848 मध्ये वारली तेव्हाही कागदोपत्री ती गुलामच होती. कायदा, पळवाट आणि माणसाची जिद्द असं सगळं एका घराच्या गोष्टीत आहे. ते वाचून माझ्या मुलाला अपराधी वाटेल, ही भीती मला पटत नाही. त्याला वॉशिंग्टन जरा जास्त कळतील, इतकंच.

फ्लोरिडाने 2023 मध्ये नव्या अभ्यासक्रमात लिहिलं की गुलामांनी कौशल्यं कमावली आणि काही वेळा ती त्यांच्या स्वतःच्या फायद्याची ठरू शकली. गदारोळ झाला, आमच्यातल्या उदारमतवाद्यांनीही नाकं मुरडली. पण जातिव्यवस्था म्हणजे मुळात श्रमविभागणीच होती हो, असं सांगणारे काका प्रत्येक मराठी मंडळात सापडतात. ही विभागणी श्रमाची नसून श्रमिकांची आहे, असं बाबासाहेबांनी 1936 सालीच सुनावलं होतं. कॅलिफोर्नियात 2005-06 मध्ये शालेय पुस्तकांतला जातींचा आणि स्त्रियांचा मजकूर बदलून घ्यायला काही हिंदू संघटना पुढे आल्या होत्या. दलित संघटनांनी आणि इतिहासकारांनी त्याला विरोध केला. म्हणजे ‘उकरू नका’ हा आग्रह आपणही सातासमुद्रापार घेऊन आलो आहोत.

‘आपला नाही’ म्हणणाऱ्यांना जोतीराव फुले आठवत नाहीत, याचं मला जास्त नवल वाटतं. 1873 मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्यात मला एक गोष्ट अपुरी वाटते. आभार सोडवणाऱ्यांचे आहेत, आणि ओना जजला तर कोणी सोडवलं नव्हतं.

तिकडे महाराष्ट्रातली चर्चा वेगळ्याच वळणाने जाते. 2017 मध्ये राज्य मंडळाच्या सातवीच्या इतिहासाच्या पुस्तकात मुघल आक्रसले, मराठेशाही वाढली, आणि भांडण पानांच्या मोजणीवर आलं. कुठल्या राजाला किती पानं, हा वाद इथल्या वादापुढे मला सोपा वाटतो, कारण गढीवर राबणारा माणूस दोन्ही बाजूंच्या हिशेबात नाही.

फिलाडेल्फियाचंही सगळंच गोड नाही. हा विषय वेगळ्या तासाला बसवला की नेहमीच्या इतिहासाला हात लावायची गरज उरत नाही. शिवाय ही अट शहराच्या शाळांपुरती. उपनगरांत प्रत्येक शाळा-जिल्ह्याचं बोर्ड आपापलं ठरवतं आणि आम्ही मराठी बहुतेक उपनगरांतच. बोर्डाच्या बैठकीत कुठल्याही पालकाला उठून बोलता येतं. आमचे लोक जातातही, प्रगत गणिताच्या तुकड्या वाढवा म्हणून सांगायला.