चारचौघांत मुक्या राहणाऱ्या भल्या माणसांनो

माझा भाचा आजोबांची गाडी विकायला निघाला होता, तो व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या हसणाऱ्यांमुळे आणि तुमच्या गप्प बसण्यामुळे. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं रागाने लिहिलेलं आहे आणि तो राग लपवायची माझी इच्छा नाही.

गाडी 1998 ची मारुती 800. कार्ब्युरेटरवाली. घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईजवळ. गोव्यात वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि आमच्याकडे घाटाच्या पायथ्याला त्याहून जास्तच. जुलैत कपडे वाळत नाहीत, पापड मऊ पडतात, भिंतींना बुरशी येते. अशा हवेत सकाळी गाडी स्टार्ट होईना. झालीच तर थरथरायची आणि दोन मिनिटांत बंद पडायची. एकोणीस वर्षांचं पोर, साखळीला कॉलेजला जातं. मेकॅनिकला द्यायला हातात पैसे नाहीत, पण शिकायची हौस दांडगी. त्याने बॉनेट उघडून फोटो काढले आणि जुन्या गाड्यांच्या गोव्यातल्या एका मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. खाली मराठीत चार ओळी लिहिल्या, कारण त्याला मराठीतच नीट लिहिता येतं.

अर्ध्या तासात काय आलं बघा. "डबा आहे, भंगारात घाल." "ही काय क्लासिक झाली का?" "आधी जुने मेसेज वाच, मग विचार." एकाने त्याच्या टायरवरच्या प्लॅस्टिकच्या व्हीलकॅपचा फोटो मोठा करून परत टाकला आणि त्याखाली हसरे चेहरे, एकवीस. मी मोजले. आणि एकाने लिहिलं, घाटी, म्हणजे घाटावरून आलेल्या परक्या लोकांनी ग्रुपवर मराठी लिहू नये. आमचे खापरपणजोबा सत्तरीत जन्मले, सत्तरीतच गेले! मराठी लिहिली म्हणून आम्ही आमच्याच गावात परके?

पोराने मेसेज डिलीट केला आणि मला फोन केला. "मामा, गाडी काढून टाकूया का?"

माझ्या वडिलांची गाडी ती. तिच्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आम्ही तिची नोंदणी वाढवली आहे. 1 एप्रिल 2022 पासून त्याची फी 600 रुपयांवरून 5,000 झाली, तरी 2023 ला आम्ही तीही भरली. बाबा असताना दर वर्षी मे संपायच्या आत जळकं ऑईल आणि डिझेल मिसळून खालून चॅसीवर मारायचे. दोन दिवस अंगणात वास. खाऱ्या हवेत, पावसात पत्रा टिकवायचा तर त्यांच्या पिढीकडे तेवढंच होतं. भाच्याने ही गोष्ट एकदा त्याच ग्रुपवर अभिमानाने सांगितली होती. त्यावरही हसले. "आजोबांना सांग, म्युझियममध्ये ठेव." अरे, सांगायचंच असेल तर हे सांगा ना, की जळक्या ऑईलने रबरी बुश फुगतात आणि ते मातीत गळून विहिरीपर्यंत जाऊ शकतं, तर त्याऐवजी गंजरोधक मेणाचा कोट घे, रनिंग बोर्डच्या आतली पाणी जायची भोकं तारेने मोकळी कर. दोन वाक्यं. पोराने दुसऱ्या दिवशी तसं केलं असतं. आजोबांचा अपमान करून त्याला काय कळणार होतं?

आता खरी गोष्ट, जिच्यामुळे मला झोप लागत नाही.

त्या रात्री साडेदहाला भाच्याच्या फोनवर खाजगीत एक व्हॉइस नोट आली. म्हापशाकडचे एक वयस्कर मेस्त, म्हणजे मेकॅनिक, त्याच ग्रुपवरचे. चार मिनिटांची. "भिऊ नको रे पुता. डिस्ट्रिब्युटरचं कॅप काढ. आत बघ, ओल असणार. सुक्या फडक्याने पूस. मग उजेडात धर आणि केसासारखी काळी रेघ दिसते का बघ." रेघ होती. डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्लगांना ठिणगीचा करंट वाटून देणारा भाग. त्याच्या कॅपला बारीक तडा गेला होता, हवेतल्या दमटपणाने करंट त्या रेघेवरून पळत होता आणि प्लगपर्यंत नीट पोचत नव्हता. आठशेला सिलिंडर तीनच. एकाने दगा दिला की गाडी अशीच थरथरणार. कॅप आणि रोटर बदलला, काहीशे रुपयांचं काम. गाडी पहिल्या सेल्फला उठली. पोराने मला व्हिडिओ पाठवला, त्यात इंजिनापेक्षा त्याचं ओरडणंच जास्त ऐकू येतं.

व्हॉइस नोटच्या शेवटी मेस्त म्हणाले होते, "हे ग्रुपवर सांगू नको हां."

का? का नको सांगू? चाळीस वर्षं ज्या माणसाचे हात ग्रीसमध्ये गेले, त्याला खरं उत्तर देताना भीती कुणाची? त्या एकवीस हसऱ्या चेहऱ्यांची, ज्यांतल्या निम्म्यांनी स्वतःच्या हाताने प्लग कधी काढला नसेल?

मग मी माझ्या ओळखीच्यांना विचारलं, आणि सगळ्यांची कथा हीच निघाली. फोंड्याच्या एका गृहस्थांना जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीची एक काच हवी होती. ग्रुपवर "मिळत नाही, विसरा". खाजगीत एकाने कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगारवाल्याचा पत्ता दिला, वर "माझं नाव घेऊ नका". मडगावच्या एका बाईंनी व्हील अलाइनमेंट कुठे नीट करतात म्हणून विचारलं, तर पहिलं उत्तर "नवऱ्याला पाठवा". खाजगीत तिघांनी नीट जागा सांगितली. चांगुलपणा आहे! भरपूर आहे! पण तो चोरासारखा मागच्या दाराने येतो, आणि पुढच्या दारात शिव्या देणारे खुर्च्या टाकून बसलेत. नवीन पोराला पुढचंच दार दिसतं ना? तो तिथूनच परत जातो.

आणि प्रश्न काही फालतू नसतात. गेल्या वर्षी एकाने विचारलं, वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने माझ्या नव्वदच्या दशकातल्या मारुती झेनला काही होईल का. दोन तास भांडण. अर्धे म्हणाले अफवा पसरवतो, अर्धे म्हणाले सरकारचा भाट आहे, आणि बिचाऱ्याने सरकारबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. उत्तर किती सोपं होतं: इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, लिटरमागे त्यात पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते म्हणून मायलेज थोडं पडतं, जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम त्याच्यासाठी बनलेले नव्हते. म्हणून नळ्या तपासून बदल, आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवू नकोस. संपलं. हे जाणणारे किमान दहाजण तिथे होते. गप्प बसून वाचत होते.

सगळ्यात संताप येतो तो अपघाताच्या बातम्यांवर. हायवेवर कुणी गेलं की प्रेत घरी यायच्या आत सुरू होतात, "शवपेटी घेतली, मेला". कंपनीकंपनीची भांडणं, मेलेल्याच्या अंगावर उभं राहून. 2014 ला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने पहिल्यांदा भारतीय गाड्या आपटून पाहिल्या, तेव्हा पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची एअरबॅग नसलेली मॉडेलं मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे घेऊन बाहेर आली. त्या पाच वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या. ती चाचणी ताशी 64 किलोमीटरला होते. शंभरच्या वर ट्रकला धडकल्यावर तारे कुणाला किती वाचवतात? सुरक्षेवर बोला, जरूर बोला, त्याची गरज आहे. पण एकदा त्या ग्रुपवर मेलेल्याचा चुलतभाऊ पण होता. त्याने एक शब्द न लिहिता ग्रुप सोडला. कुणी त्याला थांबवलं नाही. मीही नाही, आणि ते माझ्या मनातून जात नाही.

परवा म्हणून मी ठरवलं. पेडण्याच्या एका मुलाने विचारलं होतं, गाडीखाली फ्लोअरला गंजाचं भोक पडलंय, वेल्डिंग करावं की पॅच मारावा. लगेच हसणं सुरू. मी मोठं उत्तर लिहिलं, ग्रुपवर, सगळ्यांसमोर, मराठीत: गंज पार चकाकता पत्रा दिसेपर्यंत काढ, वेल्डिंगआधी बॅटरीची वायर सोड, आतलं कार्पेट बाहेर घे नाहीतर पेटेल, मग प्राइमर, मग अंडरकोट. नुसता पॅच मारलास तर खालून कुजत राहील. आणि शेवटी लिहिलं की हसणाऱ्यांनी आधी आपापल्या गाडीखाली टॉर्च मारून बघावी.

हसरे चेहरे थांबले. तासभर कुणी काही लिहिलं नाही. मुलाने "थँक्यू काका" लिहिलं.

रात्री साडेअकराला म्हापशाच्या मेस्तांचा अंगठा आला. मला, खाजगीत.

मेस्त, तो अंगठा ग्रुपवर टाका. तुमच्या नावानिशी टाका. मी वाट बघतोय.