तीन गोळ्यांत बरं व्हायची कला

लघवीला जळजळ होतेय, कसकस वाटतेय? डॉक्टरकडे धावू नका. आपण इंदूरकर, 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिले आलेले. ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या आपल्या घरात औषधांचा डबा मात्र एकच असतो, आणि त्यात मागच्या दिवाळीतल्या तीन अँटिबायोटिक गोळ्या असतातच. पाकिटावरची उभी लाल रेघ शोभेची समजा. (चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असं ती सांगते म्हणे. पण लाल सिग्नलला तरी आपण कुठे थांबतो?)

पोहे-जिलेबी झाली की एक घ्या. संध्याकाळी बरं वाटलं की उरलेल्या जपून ठेवा, वहिनींना कामी येतील. अपुऱ्या डोसाने जंतू पेनिसिलिनला दाद देईनासे होतील, असं ते शोधणाऱ्या फ्लेमिंगने 1945 साली नोबेल घेतानाच बजावलं होतं. पण तो कुठे आपल्या रामबागेत राहत होता!

ताप परत आला? नाक्यावरच्या मेडिकलवाल्याला म्हणा, "भिया, जरा स्ट्राँगवाली दे." देतो तो.

कल्चर करा म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. नमुना द्यायचा, तोही औषधाचा पहिला डोस पोटात जायच्या आधी, आणि मग दोन-तीन दिवस थांबायचं, कोणता जंतू आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं ते कळायला. एवढा वेळ कुणाला आहे? जंतूला तर नाहीच. ई. कोलायला सोयीचं वातावरण मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडूची प्लेट हातात येईपर्यंत खानदान वाढलेलं असतं.

आमच्या काकांनी हे सगळं मनोभावे पाळलं. हुडहुडी भरली, धाप लागली, काकूंना ते "ताई" म्हणू लागले, तरी घोष एकच, "उद्या बघू." शेवटी उचलून न्यावं लागलं. कल्चरच्या रिपोर्टात औषधांपुढे ओळीने आर, आर, आर. काकूंना वाटलं, आर म्हणजे आराम. निघालं रेझिस्टंट, म्हणजे औषध निकामी. एकटं वाटून घेऊ नका: 2019 साली जगात अंदाजे 12.7 लाख माणसं थेट अशाच हट्टी जंतूंमुळे गेली.

काकांचं नशीब, मेरोपेनेम नावाच्या तगड्या अँटिबायोटिकपुढे अजून एस होतं, म्हणजे सेन्सिटिव्ह, औषध लागू. दर आठ तासांनी, शिरेतून, खाटेवर पडून. तीस रुपयांची तपासणी-फी वाचवायला निघालेला माणूस एफडी मोडून घरी आला.

परवा शेजारच्या पोराला सर्दी झाली. काका डबा घेऊन उठले, "थांब, माझ्याकडे उरल्यात."