खुलासा : ‘धुळीत खेळवा, दमा जाईल’ हे अर्धसत्य

‘अति स्वच्छतेमुळे दमा होतो. अमेरिकेतल्या अमीश मुलांसारखं मुलांना धुळीत खेळू द्या, इन्हेलर सुटेल,’ असा मजकूर फिरतो आहे. अमीश म्हणजे जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती शेतकरी समाज. त्यांच्या मुलांत दमा कमी असल्याचा अभ्यास खरा आहे, निष्कर्ष चुकीचा.

२०१६ च्या त्या अभ्यासात इंडियानातले अमीश आणि साउथ डकोटातले हटेराइट यांची तुलना होती. दोन्ही ख्रिस्ती शेतकरी समाज. वंश, आहार, कुटुंबाचा आकार बराचसा सारखा. तरी शाळकरी मुलांतला दमा अमीशांत ५.२ टक्के, तर हटेराइटांत २१.३. अमीशांचा गोठा घराजवळ, मुलं तान्ही असल्यापासून गुरांत. हटेराइटांची यांत्रिक शेती घरापासून लांब. अमीश घरांतल्या धुळीत एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातला घटक, ६.८ पट जास्त सापडलं. साबण वापरण्या-न वापरण्याचा इथे संबंधच नव्हता.

फ्लॅटमधल्या गादीची धूळ म्हणजे गोठ्याची धूळ नव्हे. तिच्यात माइटची (डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म किड्यांची) विष्ठा, झुरळांचे अंश, बुरशी असते, आणि ज्याला दमा आहे त्याला तीच धाप लावते. शिवाय गोठ्याचा फायदा मुख्यतः गर्भारपणात आणि पहिल्या काही वर्षांत दिसतो. झालेला दमा त्याने बरा होत नाही.

स्टेरॉइडचा इन्हेलर मनाने बंद करू नका. श्वासनलिकांची सूज परत वाढते, तीही काही दिवस जाणवत नाही. चादरी, अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा. थंड पाण्यात माइट मरत नाहीत. भिंतीची ओल आधी काढा, नुसता रंग मारून बुरशी जात नाही.