पंचेचाळीस हजारांत हलका लॅपटॉप मागितला म्हणजे गुन्हा केला का?

दिवाळीत आईची भिशी लागली. त्यातले ४५,००० रुपये तिने माझ्या हातात ठेवले आणि म्हणाली, "घे एकदाचा तुझा लॅपटॉप." त्याला आता दोन महिने होतील. मी अजून लॅपटॉप घेतलेला नाही. माझ्या अटी दोनच आहेत. रोज लोकलमधून नेता येईल इतका हलका हवा, आणि इंजिनीअरिंगची उरलेली अडीच वर्षं न अडकता चालायला हवा. या दोन अटींवर मला दुकानदारांनी, जाहिरातींनी आणि सेलवाल्यांनी असं काही फिरवलंय की संतापाने डोकं फुटायची वेळ आलीय.

आधी वजनाचं सांगते, कारण "हलका कशाला हवा, बॅगेतच तर ठेवायचाय" हे वाक्य मी आता कुणाकडूनही ऐकून घेणार नाही. मी बदलापूरला राहते, कॉलेज दादरजवळ. सकाळच्या लोकलमध्ये सव्वा तास, तोही बहुतेक उभ्याने. बॅग पाठीवर ठेवता येत नाही, मागच्या बायका ओरडतात आणि त्यांचं काही चुकत नाही. म्हणून बॅग पुढे, छातीशी. वर रॅकवर टाकावी तर दादरला गर्दीतून ती काढेपर्यंत गाडी भायखळ्याला लागते. सध्या मामेभावाचा जुना गेमिंग लॅपटॉप वापरतेय. तो २.३ किलोचा, आणि त्याची चार्जरची वीट आणखी पाऊण किलोची. त्यात डबा, पाण्याची बाटली, जर्नल. ऑगस्टपासून उजवा खांदा दुखतोय. डॉक्टर म्हणाले, बॅगेचं वजन कमी करा. कॉलेज म्हणतं, लॅबमधली मशिनं पुरत नाहीत, लॅपटॉप रोज आणा. मग मी हलका लॅपटॉप मागितला तर ती चैन कशी झाली?

पण दुकानात ती चैनच आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, एका दुकानात तोंडातून "हलका" हा शब्द निघाला आणि समोरच्याने लगेच सांगितलं, "मग सत्तरच्या पुढे जावं लागेल मॅडम." ४५ म्हटल्यावर त्याने १५.६ इंची धूड काढून ठेवलं आणि वर म्हणे, हे 'थिन अँड लाइट'मध्येच येतं. खोक्यावर खरंच तसं छापलेलं होतं! वजन १.५९ किलो. माझ्या मैत्रिणीने गेल्या वर्षी तोच घेतला होता. आम्ही दोघी तो तिच्या घराखालच्या वाण्याकडे घेऊन गेलो आणि त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. नुसता लॅपटॉप १.६४. चार्जर आणि वायर ०.३१. म्हणजे खांद्यावर येणार १.९५ किलो, आणि कागदावर छापलंय १.५९. चार्जर काय हवेतून येतो का?

तुम्ही म्हणाल, चार्जर घरी ठेव. ठेवला असता, बॅटरी टिकली असती तर! खोक्यावर लिहिलंय ११ तासांपर्यंत. त्यातला तो 'पर्यंत' हा शब्द अंगाशी येतो. मैत्रिणीचा लॅपटॉप नवा होता तेव्हाही कोड लिहिताना, वायफाय चालू ठेवून, साडेचार तासांत संपायचा. बॅटरीच ४२ वॉट-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप), ती किती चालणार? वजन कमी दाखवायचा सोपा मार्ग म्हणजे बॅटरी छोटी टाकणं. मग छोट्या बॅटरीपायी चार्जर सोबत न्यायचा, आणि वाचवलेलं वजन पुन्हा आमच्याच खांद्यावर. आमच्या वर्गात ७० मुलं आणि भिंतीला चालू असलेले प्लग तीन. त्या प्लगसाठी रोज पहिल्या लेक्चरला भांडणं होतात, हे या लॅपटॉप विकणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

आणि तो चार्जरही ज्याचा त्याचा वेगळा. गोल पिन, बारीक पिन, या कंपनीची त्या कंपनीला बसत नाही. टाइप-सीने चार्ज होणारा असता तर फोनचा आणि लॅपटॉपचा मिळून एकच चार्जर नेला असता, किंवा कुणाचाही मागून घेतला असता. युरोपीय संघाने लॅपटॉपला टाइप-सी चार्जिंग बंधनकारक करायला २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवून दिली. आमच्या बजेटात अजून बहुतेक गोल पिनच विकली जातेय, कारण आम्हाला विचारतंय कोण?

हलकं, दिवसभर टिकणारं यंत्र बनतच नाही म्हणावं तर तेही नाही. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ या स्वतःच्या चिपचा मॅकबुक एअर काढला. १.२९ किलो, आत पंखासुद्धा नाही, आणि बॅटरी दिवस काढते. भारतात त्याची किंमत होती ९२,९०० रुपये. म्हणजे करता येतं, पण ते आमच्यासाठी करायचं नाही. खांदा सगळ्यांना सारखाच असतो ना? बदलापूरहून उभ्याने येणारीला हलक्याची गरज जास्त की गाडीतून येणाऱ्याला?

आता प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू. इथे तर उघड उघड फसवणूक चाललीय, आणि माझा खरा राग यावर आहे. मी कॉम्प्युटरची विद्यार्थिनी असून मला हे समजायला आठवडा लागला. ज्या आईवडिलांना मुलासाठी आयुष्यात एकदाच लॅपटॉप घ्यायचाय त्यांना हे कसं कळणार? एएमडी कंपनीचे हे दोन प्रोसेसर घ्या: रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. दोन्हींवर 'रायझन ५'चा तोच स्टिकर, दोन्ही 'सात हजार सिरीज'. फरक एका आकड्याचा. पण ७५३०यूमध्ये ६ कोर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, आहेत आणि ते झेन ३ या त्यातल्या त्यात नव्या रचनेचे. ७५२०यूमध्ये ४ कोर, आणि तेही झेन २चे, म्हणजे २०१९ साली आलेल्या रचनेचे. कुठला कोर आहे ते नावातल्या तिसऱ्या आकड्यात लिहिलेलं असतं. तिसऱ्या आकड्यात! दुकानात कोण तिसरा आकडा वाचतो? मी दोन दुकानांत विचारलं की या दोघांत फरक काय. दोन्हीकडे एकच उत्तर: "काही नाही, सेमच आहे, हा स्वस्त पडेल."

आणि पुढची गंमत नव्हे, पुढचा अन्याय ऐका. त्या ७५२०यूला फक्त एलपीडीडीआर५ प्रकारची रॅम (चालू कामं ज्यात उघडी राहतात ती मेमरी) चालते, आणि ती मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डवर, सोल्डर करून कायमची जोडलेली असते. ८ जीबीचा घेतला की जन्मभर ८ जीबी. त्यातलाही काही भाग ग्राफिक्सला जातो. आम्हाला मिनी प्रोजेक्टला अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे फोनची ॲप बनवायचं सॉफ्टवेअर, आहे. एम्युलेटरसकट, म्हणजे पडद्यावरच्या नकली फोनसकट, तो चालवायचा तर १६ जीबी लागते. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर एम्युलेटर उघडला की ब्राउझर बंद करावा लागतो आणि तरी पंखा किंचाळत असतो. तिला विकताना सांगितलं होतं, "रॅम नंतर वाढवून देऊ." ती वाढवायला गेली तेव्हा त्याच माणसाने लॅपटॉप उघडायच्या आधीच सांगितलं, "यात होत नाही." विकताना माहीत नव्हतं का? तिच्या वडिलांनी त्यासाठी पतपेढीचं कर्ज काढलंय. हप्ते अजून चालू आहेत.

म्हणून मी ठरवलं, रॅमचा स्लॉट, म्हणजे नवी पट्टी बसवायची जागा, असलेलाच घ्यायचा. आता ८चा, उन्हाळ्याच्या सुट्टीत आणखी ८ टाकू. तर इकडे रॅमचेच भाव पेटले. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपलं उत्पादन एआयच्या डेटा सेंटरकडे वळवलं, कारण पैसा तिथे आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर जाहीरच केलं की क्रुशल हा आपला ग्राहकांसाठीचा धंदा बंद करतोय. दिवाळीआधी ज्या पट्टीचा भाव मी विचारून आले होते तो आता दुपटीच्या वर गेलाय. एआयशी मला वैर नाही, आमच्या अभ्यासक्रमात ते आहेच. पण ते शिकायला लागणारी ८ जीबीची पट्टी त्याच्याच भुकेपायी आमच्या हातून जावी, हे सहन होत नाही.

मग लोक म्हणाले जुना घे, रिफर्बिश्ड. कंपन्यांतून निघालेले, चांगल्या दर्जाचे, हलके. विचार बरोबर आहे, असे लॅपटॉप खरंच असतात. पण बघायला गेले तर टेबलावर 'कोअर आय सेव्हन, २२,०००' अशी पाटी. आय सेव्हन हा इंटेलचा वरच्या दर्जाचा प्रोसेसर, नाव ऐकलं की माणूस हरखतो. त्याची पिढी कुठली (आकडा जितका मोठा तितका तो नवा) विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "आय सेव्हन आहे ना, मग पिढी कशाला बघता?" मी सिस्टीम उघडून बघितली. सहावी पिढी! विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालते, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट (दुरुस्त्या, सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या मशिनवर ११ टाकलेली होती, काहीतरी खटपट करून. पक्कं बिल मागितलं तर "अठरा टक्के वेगळे लागतील." बॅटरीची गॅरंटी नाही. माझ्या शेजारी एक काका उभे होते, साताऱ्याहून मुलासाठी लॅपटॉप घ्यायला आलेले. त्यांनी तोच घेतला. मी त्यांना थांबवायला तोंड उघडलं तर दुकानदार माझ्यावर डाफरला, "मॅडम, तुम्हाला घ्यायचा नसेल तर बाहेर व्हा." ते काका पिशवीत खोकं घेऊन गेले. मी तेव्हा मोठ्याने बोलायला हवं होतं. अजून जिवाला लागून राहिलंय ते.

ऑनलाइनचं तर नावच नको. किमतीवर काट मारून शेजारी नवी किंमत. ती नवी किंमत खरी कधी? अमुक बँकेचं क्रेडिट कार्ड असेल, जुना लॅपटॉप बदल्यात देणार असाल, तर. आमच्या घरात कुणाकडे क्रेडिट कार्ड नाही. बदल्यात द्यायला जुना लॅपटॉप असता तर नवा घेतला असता कशाला? 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणे, पण व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बिलात येतेच. विद्यार्थी सवलत आहे, पण तिला कॉलेजचा ईमेल लागतो. आमचं कॉलेज विद्यार्थ्यांना ईमेल देत नाही. बोनाफाइड आहे, ओळखपत्र आहे, फीची पावती आहे. चालत नाही. ज्याच्याकडे आधीच सगळं आहे त्याला स्वस्त, आणि ज्याच्याकडे नाही त्याला पूर्ण किंमत!

आणि सरकार? २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला. चांगलं केलं. पण लॅपटॉपवर १८ टक्के तसाच. मी बघून ठेवलेल्या ४२,९९० रुपयांच्या लॅपटॉपमध्ये सुमारे ६,५५८ रुपये कराचे आहेत. असाइनमेंट टाइप करून मागतात, हजेरी ॲपवर, नोट्स पीडीएफमध्ये, परीक्षेचा फॉर्म ऑनलाइन. माझी वही आता लॅपटॉप आहे. मग तिच्यावर १८ टक्के कशाचे?

मला फुकट काही नको. खोक्यावर चार ओळी छापा, मोठ्या अक्षरांत. चार्जरसकट वजन किती. रॅम सोल्डर केलेली आहे की वाढवता येते. प्रोसेसरचा कोर कुठल्या सालचा. बॅटरी किती वॉट-अवरची. पिठाच्या पाकिटावर निव्वळ वजन छापावं लागतं, बिस्किटाच्या पुड्यावर आत काय घातलंय ते लिहावं लागतं. बेचाळीस हजारांच्या वस्तूवर का नाही?

काल रात्री मनाशी पक्कं केलं होतं. १४ इंची, १.४ किलोचा, ७५३०यू, स्लॉट असलेला, टाइप-सीने चार्ज होणारा. गेले दहा दिवस रोज बघत होते, ४२,९९०. आई भांडी आवरून शेजारी येऊन बसली होती, पदराला हात पुसत. म्हणाली, "हाच ना? कर मग." पान उघडलं तर किंमत ४७,४९०. आई म्हणाली, "वरचे अडीच हजार मी बघते कुठूनतरी." मी फोन बंद केला. तिच्या आवाजातला तो 'कुठूनतरी' मला रात्रभर झोपू देत नव्हता. सकाळी पुन्हा ती जड बॅग छातीशी धरून गाडीत चढले.