नुसते गुण छापून कसं चालेल?

तुमच्या पेपरात आंतरविद्यापीठ रायफल नेमबाजीची बातमी वाचली. विजेत्यांचं मनापासून अभिनंदन! पण ६० छर्ऱ्यांचे गुण देताना ते कसे मिळतात, हेही दोन ओळींत सांगायला हवं होतं. १० मीटर एअर रायफलमध्ये टार्गेटच्या मधोमध असलेला दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटरचा असतो. गुण दशांशात मोजतात; नेम जितका अचूक मध्यावर, तितके दहाच्या वर. एका छर्ऱ्याला जास्तीत जास्त १०.९, म्हणजे ६० छर्ऱ्यांचे एकूण ६५४. इथे एक श्वास चुकला तरी नंबर घसरतो.

माझी मुलगी सोलापुरात कॉलेजला आहे, नेमबाजी करते. एप्रिलच्या उकाड्यात ते जाड कॅनव्हासचं जॅकेट घालून भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर तासभर नेम धरून उभी राहते, छर्रा न भरता. जॅकेट काढलं की आतला टी-शर्ट अक्षरशः पिळून घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर सरावासाठी पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला, बालेवाडीच्या क्रीडा संकुलात जावं लागतं. सुट्टी मागितली की कॉलेजात हजेरीचा प्रश्न, ते वेगळंच.

कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून नेम धरायचा प्रकार) कांस्य आणलं, तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले होते. सोलापूरच्या पोरांनाही बालेवाडीसारखी नेमबाजीची रेंज गावातच द्या. एवढी एक मागणी तुमच्या पेपरने लावून धरावी, ही कळकळीची विनंती.